ठाणे खाडीच्या चिखलातून मीटरभर गाळाचा गाभा कसा काढावा

जपानमध्ये सेंडाईच्या भातखाचरांखाली वाळूचा एक पातळ थर आहे. तो ८६९ सालच्या जोगान त्सुनामीने आणून टाकला, हे भूशास्त्रज्ञांनी २०११ च्या आपत्तीआधीच ओळखलं होतं. न्यूझीलंडमध्येही किनाऱ्यालगतच्या दलदलीतले थर वाचून जुन्या लाटांचा आणि भूकंपात वरखाली झालेल्या जमिनीचा हिशेब मांडला जातो. पद्धत साधी आहे: नळी चिखलात उतरवायची आणि आतला गाळ थर न मोडता वर काढायचा. नळीतून निघालेला हा गाळाचा दंड म्हणजे गाभा.

ठाणे खाडीत हीच पद्धत वापरा, पण अपेक्षा वेगळी ठेवा. १९४५ च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. तरी इतक्या आत, इतक्या उथळ आणि मऊ गाळाच्या खाडीत त्यांचा थर सापडेल असं धरून चालू नये. इथला गाभा सांगतो तो गाळ साचण्याचा वेग, तिवरांचा पसारा आणि प्रदूषण कुठल्या खोलीपासून वाढलं ते. चढत्या समुद्राबरोबर ही खारफुटी वर येऊ शकेल का, हे त्या वेगावरच ठरणार आहे. म्हणून मापं काटेकोर हवीत.

आधी परवानगी. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अभयारण्यात संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्जाची सुरुवात वन विभागाच्या कांदळवन कक्षापासून करा. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या चिखलावर चरतात, तेव्हा तिथे उतरू नका. पावसाळ्यात काम होत नाही. उरतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबर.

वेळ तिथीवरून काढा. तिथीच्या पाऊणपट म्हणजे ढोबळमानाने मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ठाण्याकडे पाणी उशिरा फिरतं. नेमकं किती ते आदल्या दिवशी खुणांची काठी रोवून बघा. उघड्या चिखलावर गाभा हवा असेल तर पौर्णिमा-अमावास्येचं उधाण धरा. तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटे सहाच्या आसपास येते, म्हणजे उजाडताच जागेवर पोचायला हवं. तिवरांच्या आतल्या भागात मात्र भांगाचे (अष्टमीच्या आसपासचे, कमी भरतीचे) दिवस बरे, कारण तेव्हा भरतीचं पाणी तिथवर चढत नाही आणि घाई राहत नाही. ऐरोलीच्या किंवा वाशी गावच्या होडीवाल्याला सोबत घ्या आणि पाण्याबाबत त्याचा शब्द शेवटचा माना. भरती समोरून येताना दिसते त्याआधीच मागच्या ओहळात शिरते आणि परतीची वाट तोडते.

गमबूट नकोत, ते रुततात आणि पाय बाहेर येतो. घोट्याला घट्ट बांधलेले जुने बूट, जाड हातमोजे (काचा आणि सुया भरपूर असतात) आणि गुडघे टेकायला दोन बाय दोन फुटांचे प्लायवुडचे तुकडे घ्या. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. मागे रेला, पाय हळूहळू फिरवत बाजूने पाणी-हवा शिरू द्या, मग तो सुटतो.

नळी ७५ मिलिमीटरची पीव्हीसी, दीड मीटर लांब. ५० मिलिमीटरची स्वस्त पडते, पण अरुंद नळीत भिंतीचं घर्षण भारी पडून गाळ जास्त दबतो. खालची कड कानशीने फक्त बाहेरून तासा. आतून तासली तर जास्तीचा गाळ आत कोंबला जातो. शिवाय दोन टोप्या, प्लंबर वापरतात तो रबरी टेस्ट प्लग (नळीच्या तोंडात आवळून बसवायचं बूच), लाकडी ठोकळा, दोन किलोचा हातोडा, नळीला आवळायचे क्लॅम्प आणि एक सळई.

पुलांच्या खांबांपासून आणि भरावापासून लांब राहा, तिथला गाळ उलथापालथ झालेला असतो. निवट्यांची (चिखलावर सरपटणारे मासे) आणि खेकड्यांची बिळं कमीत कमी असतील अशी जागा निवडा. आधी नळी अंगाच्या वजनाने उभी दाबा, मग ठोकळ्यावर ठोका. डावी-उजवीकडे हलवू नका.

इथेच बहुतेक गाभे बिघडतात. नळी २० सेंटीमीटर आत गेली की दर वेळी थांबा आणि दोन मापं घ्या: नळीच्या तोंडापासून बाहेरच्या चिखलापर्यंत आणि त्याच तोंडापासून आतल्या गाळापर्यंत. समजा शेवटी बाहेरचं माप ३० आलं आणि आतलं ४८. म्हणजे नळी १२० सेंटीमीटर गेली, पण गाभा १०२ चाच आहे. १८ सेंटीमीटर दबले, पंधरा टक्के. फक्त शेवटचं माप असेल तर सगळ्या खोल्यांना १२०/१०२ ने गुणावं लागतं आणि ते चूक आहे, कारण वरचा पाणीदार गाळ खालच्यापेक्षा जास्त दबतो. टप्प्याटप्प्याची मापं असली की प्रत्येक तुकड्याची दुरुस्ती वेगळी करता येते. नळी खाली जातेय पण आतला गाळ तिच्याबरोबरच उतरतोय असं दिसलं, तर आत मुळाचा बोळा बसलाय आणि नळी भरीव खुंटीसारखी जातेय. काढून टाका आणि मीटरभर बाजूला नव्याने सुरू करा.

वर काढताना नळीतली रिकामी जागा हळूच पाण्याने भरा आणि प्लग आवळा. त्याने वरून हवा शिरत नाही आणि गाभा निसटत नाही. क्लॅम्पखाली सळई घालून दोघांनी संथपणे उचला. खालची कड चिखलाबाहेर येण्याआधीच तिसऱ्याने हात घालून टोपी बसवावी. नळीवर वरची बाजू, क्रमांक, तारीख, वेळ लगेच लिहा. मोबाइलच्या जीपीएसवरून जागा कळते, उंची नाही. त्यासाठी डंपी लेव्हलने (उंची मोजायची सर्वेक्षणाची दुर्बीण) जेट्टीवरच्या पक्क्या खुणेशी जोड घ्या. भरलेली नळी जड होते. ती घरी किंवा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उभीच ठेवा.

कापताना करवतीची खोली नळीच्या जाडीइतकीच ठेवा, दोन्ही बाजूंनी चिरा द्या, मग तंगूस ताणून गाळाचे दोन भाग करा. सुरी आडवी फिरवून पृष्ठभाग साफ करा. उभी फिरवली तर थर एकमेकांत माखतात. रंगाची नोंद आणि मोजपट्टीसह फोटो पहिल्या काही मिनिटांतच उरका. खालचा काळाशार, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल हवा लागली की तपकिरी व्हायला लागतो. वाळूची रेघ दिसली तर तिची खालची सीमा पाहा. धारदार सीमा आणि वर जाताना बारीक होत जाणारे कण म्हणजे गाळ एकाएकी येऊन पडला. ते वादळ होतं, पूर होता की त्सुनामी, हे एका गाभ्यावरून ठरत नाही. तोच थर खाडीकाठापासून आत किती दूर जातो, हे आणखी गाभ्यांत शोधावं लागतं.

नमुने एकेक सेंटीमीटरचे घ्या आणि नळीला घासलेला कडेचा गाळ सोडून द्या. सेंद्रिय अंशासाठी १०५ अंशांवर रात्रभर वाळवून वजन करा, मग ५५० अंशांवर चार तास जाळून पुन्हा करा. चिकणमातीतलं बांधलेलं पाणीही यात उडतं, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला येतो. थरांच्या वयासाठी शिसे-२१० हे किरणोत्सर्गी शिसं वापरतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे ते चालत नाही. वरच्या थरांत त्याचं प्रमाण खोलीबरोबर घटत नसेल, तर खेकड्यांनी तो भाग ढवळलाय. तिथून साचण्याचा वेग काढू नका. दुसरा अर्धा गाभा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ४ अंशांवर राखून ठेवा. फ्रीझरमध्ये नको, आतलं पाणी गोठून फुगतं आणि थर फाटतात.