डॉ. श्रीराम लागूंचा अभिनय अभ्यासताना

सुरुवात 'पिंजरा'पासून करा (1972). शाळेतले ताठ गुरुजी आणि फडावर तुणतुणं घेऊन उभा राहिलेला तोच माणूस: दोन्हीकडचे पाचेक मिनिटांचे प्रसंग निवडा आणि प्रत्येक तीनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून खांदे, मान, चाल टिपा. मग डोळे मिटून फक्त ऐका आणि वाक्य कुठे तुटतं, श्वास कुठे घेतला जातो ते लिहा. शेवटी दोन्ही एकत्र. घाईत पहिली पायरी गाळली, तर भारदस्त आवाजापलीकडे काही दिसतच नाही.

मग 'सामना'. निळू फुल्यांसमोरचा त्यांचा मास्तर पाहताना बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे लक्ष द्या. समोरच्याचं वाक्य चालू असताना चेहरा काय करतो, तिथे खरा अभिनय आहे. 'घरौंदा' (1977) त्यानंतर.

'नटसम्राट'ची स्वगतं शेवटी घ्या. नवशिका पहिल्याच ओळीला आवाज चढवतो आणि पुढे चढायला जागा उरत नाही. म्हणून आधी संहिता बसून, बोलण्याच्या पट्टीत वाचा.

टिपण करताना 'नटसम्राट' नाटक आणि त्यावरचा चित्रपट वेगळे ठेवा. 1970 सालच्या रंगभूमीवरचे नायक अप्पा बेलवलकर लागूंचे. 2016 च्या चित्रपटातले नाना पाटेकरांचे. ही गल्लत फार होते. कान-नाक-घसातज्ज्ञाचा व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले, तो काळ 'लमाण' या त्यांच्या आत्मचरित्रातूनच वाचा.