फरसबीची खान्देशी भाजी: आधी शेंग शिजवा, मग बाकीचं

फरसबीच्या भाजीबद्दल दोनच तक्रारी ऐकू येतात, एकतर ती दाताखाली करकर वाजते नाहीतर तिचा पार गाळ होतो. आणि त्यावर लोक जे उपाय सांगतात ना, कुकरला एक शिट्टी काढा, चिमूटभर सोडा टाका, टोमॅटो जास्त घाला म्हणजे लवकर शिजते, ते सगळे भाजी आणखी बिघडवणारे आहेत. आपल्या जळगाव-भुसावळकडची जी रोजची पद्धत आहे, शेंगदाण्याचं तेल, भरपूर लसूण, हिरवी मिरची आणि दाण्याचा कूट, तिच्यात ही शेंग मस्त लागते. फक्त एक गोष्ट सांभाळा, शेंग पूर्ण शिजेपर्यंत कढईत फोडणीशिवाय दुसरं काही नाही, म्हणजे आंबट नाही, कूट नाही, काळा मसाला नाही. एवढं जमलं की सुकी करा, रस्सा करा, डाळ घालून करा, बिघडत नाही. दूध, दही, तूप, पनीर यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे घरात कोणी व्हीगन असेल तर त्याच्यासाठी वेगळं पातेलं चढवायची गरज नाही, सगळे तेच खातात.

शेंग घेताना एक मोडून बघा, कट्‌ आवाज येऊन मोडली तर घ्या, वाकली तर सोडून द्या. वरून दाणे फुगलेले दिसत असतील तर ती जून झालेली, ती कितीही शिजवली तरी साल चिवट राहते. थंडीत चांगला माल मिळतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 पर्यंत जातो, एवढ्या उष्णतेत या झाडाची फुलंच गळतात, म्हणून तेव्हा जी शेंग दिसते ती बहुतेक थंड भागातून गाडीत बसून आलेली असते आणि भाव बघून घ्यावीशीपण वाटत नाही. त्या दिवसांत सरळ गवार घ्या. फ्रीजमध्ये ठेवायची तर न धुता, कापडात गुंडाळून, आणि चार-पाच दिवसांत संपवा, जास्त दिवस गारठ्यात राहिली की अंगावर तांबूस डाग पडतात.

चौघांसाठी अर्धा किलो शेंगा, तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, दहा-बारा लसूण पाकळ्या, पाच-सहा हिरव्या मिरच्या (लवंगी असेल तर तीनच), जिरं, मोहरी, हिंग, हळद, मीठ, पाऊण वाटी दाण्याचा कूट, कोथिंबीर. बास. कांदा मी सुक्या भाजीत घालत नाही, कांद्याचा गोडवा शेंगेची चव झाकून टाकतो.

शेंगा आधी धुवायच्या आणि मग चिरायच्या, दोन्ही टोकं मोडताना बाजूचा दोरा निघाला तर ओढून काढायचा. सुक्या भाजीला बारीक चिरा, अर्ध्या पेराएवढी, रश्श्याला पूर्ण पेराएवढी. एक बारीक एक मोठी असं नको, सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो, बारीक तुकडे विरघळतात आणि मोठे कच्चे राहतात.

लसूण, मिरची, जिरं आणि थोडं मीठ खलबत्त्यात ठेचून घ्या. मिक्सरला पेस्ट करू नका, भरड ठेचाच हवा.

आता मुख्य काम. ही पायरी नीट वाचा, बाकी लेख वरवर वाचला तरी चालेल.

तेल चांगलं तापू द्या, मोहरी तडतडली की हिंग, मग ठेचलेली लसूण-मिरची, लसणाचा रंग बदलायला लागला की हळद आणि लगेच शेंगा. गॅस मोठा. मीठ इथेच टाका, लोक म्हणतात मिठाने भाजी कडक होते, ते चूक आहे, मिठाने सालीला नरम व्हायला मदतच होते आणि शेंगेचं स्वतःचं पाणी सुटतं. दोन-तीन मिनिटं झाकण न ठेवता परता. हे झाकण न ठेवणं महत्त्वाचं आहे. शेंगेच्या आतच थोडं आम्ल असतं, ते गरम झालं की वाफेबरोबर बाहेर पडतं, आणि सुरुवातीलाच झाकण घट्ट लावलं तर तीच वाफ थेंब होऊन परत कढईत पडते. हिरव्या रंगाला आम्ल अजिबात सोसत नाही, मग भाजी पाच-सात मिनिटांत शेवाळी, मातकट दिसायला लागते. पहिली वाफ मोकळी जाऊ द्या.

तीन मिनिटांनी शेंगा चकचकीत हिरव्यागार दिसतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते, झाली वाटून गॅस बंद करतात. हॉटेलात देतात ती हिरवीगार कुरकुरीत शेंग बघून लोकांना वाटतं तशीच असायला हवी. माझं मत स्पष्ट आहे, भाकरीबरोबर खायच्या भाजीत करकरणारी शेंग म्हणजे कच्ची शेंग. आणि हा फक्त चवीचा विषय नाही. फरसबी आणि राजमा एकाच जातीच्या झाडाचे, शेंग कोवळी तोडली की फरसबी, वाळू दिली की आतला दाणा राजमा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं ज्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात, कोवळ्या शेंगेत ते कमी असतं पण असतं, आणि नीट शिजवलं की ते निकामी होतं. म्हणून सॅलडमध्ये कच्ची फरसबी चिरून टाकायचा जो प्रकार चाललाय तो करू नका, लहान मुलांच्या डब्यात तर नकोच.

तर हिरवीगार दिसली की गॅस मध्यम करा, अर्धी वाटी गरम पाणी शिंपडा, गरमच, गार पाण्याने कढई थंड होते आणि शिजणं रेंगाळतं. आता कढईवर खोलगट ताट ठेवा आणि त्या ताटात पाणी ओता. आमच्या सासूबाई सगळ्या सुक्या भाज्या अशाच करायच्या आणि या पद्धतीला पर्याय नाही, खालची वाफ ताटाला लागून परत भाजीवर पडते, भाजी करपत नाही, आणि पाणी कमी पडलं तर ताटातलं गरम पाणी तयारच असतं. तुम्ही म्हणाल आत्ता तर झाकण नको म्हणत होते. सुरुवातीची ती तीन मिनिटं मोकळी गेली ना, आता शिजवायचं आहे, रंग थोडा उतरला तर उतरू द्या. दर तीन मिनिटांनी एकदा ताट उचलून हलवायचं, तेवढ्यात उरलेली वाफपण निघून जाते.

कोवळ्या शेंगेला आठ-दहा मिनिटं, थोड्या जून शेंगेला पंधरा. घड्याळावर जाऊ नका. चमच्याने दाबून पण बघू नका, बाहेरून दबते आणि आत कच्ची असते. एक तुकडा काढायचा, फुंकर मारायची आणि दाताने चावायचा. दात लागताना कर्र असा आवाज आला, घासल्यासारखं वाटलं, तर परत ताट ठेवा. आवाज न येता तुकडा तुटला, पण आकार धरून राहिला, आणि चव गवतासारखी न लागता गोडसर लागली की झालं. हे एकदा दाताला कळलं की आयुष्यभर चुकत नाही. मला स्वतःला ही वेळ ओळखता यायला बरेच दिवस लागले, कारण सगळे नुसतं "शिजेपर्यंत शिजवा" म्हणतात, म्हणजे नेमकं कुठपर्यंत ते कोणी सांगत नाही.

आणि एवढं होईपर्यंत टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू, कैरी काहीही नाही. आंबट पडलं की शेंगेची साल शिजायची थांबल्यासारखी होते, मग अर्धा तास ठेवा, ती चिवटच राहणार आणि रंग जाणार तो वेगळाच. बोअरच्या जड पाण्याचंही तेच आहे, त्यातल्या कॅल्शियमने साल घट्ट होते, आपल्याकडे कितीतरी घरांत बोअरचंच पाणी आहे, तर भाजीपुरतं तरी पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा. डाळ शिजत नाही अशी तक्रार ज्या घरात असते तिथे फरसबीची पण असते, कारण एकच.

सोडा तर डोक्यातूनच काढून टाका. रंग हिरवा राहतो, खरं आहे, पण शेंग बुळबुळीत होते, साबणासारखा वास येतो, वर व्हिटॅमिन बी आणि सीचं नुकसान. कुकरपण नको, शिट्टीवर नियंत्रण राहत नाही, तीस सेकंद इकडेतिकडे झाले की गाळ.

शिजली की ताट काढा, पाणी राहिलं असेल तर गॅस मोठा करून आटवा, कूट टाका, दोन मिनिटं परता, कोथिंबीर घाला, उतरवा. कूट आधी टाकला तर तो सगळं पाणी पिऊन घेतो, तळाला चिकटतो आणि करपतो, शेंगा मात्र कच्च्याच. कूट भरड हवा, दाणे मंद गॅसवर सालीवर काळे ठिपके येईपर्यंत भाजून, साल पाखडून, मिक्सर चालू-बंद करत. विकतचा पिठासारखा कूट या भाजीत घातला की ती लगदा लागते. लिंबू ज्याला हवं त्याने ताटात पिळावं.

रस्सा करायचा असेल तर शेंगा वरच्यासारख्याच, पण फक्त तेल, मीठ, हळद घालून शिजवून बाजूला काढा. दोन कांदे सालीसकट गॅसवर काळे होईपर्यंत भाजा, साल काढा, अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर लालसर करा, लसूण, आलं, कोथिंबीर घालून थोड्या पाण्यात अगदी बारीक वाटा. तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता, घाई नको, मग गॅस कमी करून दोन चमचे काळा मसाला आणि थोडं तिखट, मसाला लगेच जळतो म्हणून तो पडल्याबरोबर वाटीभर गरम पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री येत नाही. उकळी आली की हवं तेवढं पाणी वाढवा, शिजलेल्या शेंगा सोडा, पाच मिनिटं उकळू द्या. चिंचेचा कोळ घालायचा तर आत्ता, आता शेंगेला काही धोका नाही. चुलीवर केला तर चव आणखी खुलते, पण गॅसवर पण चांगला होतो, उगाच चुलीसाठी अडून बसू नका. शेवभाजीचा जो रस्सा तुम्ही घरी करता तोच आहे हा, त्यात शेव न पडता शेंगा पडतात एवढंच.

तिसरा प्रकार डाळीचा. पाव वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवून ताट ठेवायच्या आधी शेंगांवर पसरवायची, डाळ आणि शेंग बरोबरच शिजतात. डाळ आंबट नाही त्यामुळे आमचा नियम मोडत नाही. यात कूट कमी, दोन चमचेच, नाहीतर भाजी फार कोरडी होते आणि घशात अडकते. मांसाहार, दूध दोन्ही न घेणाऱ्याच्या जेवणात ही भाजी आठवड्यात एकदा तरी असावी, डाळ, दाणे आणि ज्वारी मिळून पोट नीट भरतं.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि काळे उडीद सालीसकट, आमच्याकडे चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, दळतानाच थोडं मीठ. उडदाने पीठ चिकट होतं, थापायला सोपी जाते, आणि या भाजीच्या दाण्याच्या चवीला कळण्याचा खमंगपणा शोभतो. थंडीत बाजरीची चालेल. गव्हाची पोळी मी रश्श्याबरोबर ठेवते, सुक्या भाजीबरोबर नाही, फार मऊ मऊ होतं सगळं. बाजूला कच्चा कांदा आणि तेल घातलेला मिरचीचा ठेचा.

गवारीला आणि चवळीच्या शेंगांना हीच रीत चालते, गवारीला मात्र पाच-सात मिनिटं जास्त द्या आणि शिजल्यावर बोराएवढा गूळ, तिचा कडसरपणा जातो. गूळसुद्धा शिजल्यावरच, आधी नाही, गोडानेही शेंग घट्ट राहते.

डब्यात न्यायची असेल तर सुकी किंवा डाळीची न्या, पूर्ण गार करून मग झाकण लावा, गरम भाजी बंद डब्यात कोंडली की दुपारपर्यंत रंग काळपट आणि वास कुबट. उरलेली सुकी भाजी दुसऱ्या दिवशी सकाळी थोड्या बेसनात कांदा आणि ओवा घालून कालवा, पाण्याचा हबका द्या आणि तव्यावर जाडसर धिरडी घाला. त्यात शेंग आधीच शिजलेली असते त्यामुळे नुसतं बेसन खरपूस झालं की उतरवायचं.