एप्रिल-मे कृषी सल्ला : कृष्णाकाठी फुटव्हॉल्व्हसाठी पाण्यात उतरू नये

सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळपासून कसबे डिग्रजपर्यंतच्या कृष्णाकाठी या दोन महिन्यांत पिकाआधी मगरींपासून स्वतःच्या जिवाची काळजी घ्यावी लागते. बंधाऱ्यातले पाणी उतरले की फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची जाळीची झडप) उघडा पडतो, जाळीत शेवाळ अडकते, मोटर हवा ओढू लागते आणि शेतकरी कमरेएवढ्या पाण्यात शिरून हाताने जाळी साफ करू लागतो. उसाच्या पाण्याची एक पाळी चुकू नये म्हणून केलेल्या या घाईत कर्ता माणूस जायबंदी होतो, आणि मग हंगामभर पाणी पाजायला कोणी नसल्याने सगळाच ऊस वाळतो, हे या काठाने पाहिले आहे.

पाणी उतरण्याचे दिवस आणि मगरीच्या विणीचे दिवस एकच असतात. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या) मऊ मातीत खड्डा करून साधारण 25 ते 30 अंडी घालते, सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात, आणि तोपर्यंत ती घरट्याच्या आसपासच असते. शिवाय नदी आटत जाते तशा मगरी उरलेल्या डोहांत गोळा होतात, आणि आपले पाइपही नेमके त्याच डोहांत सोडलेले असतात. मगरीचे मुख्य खाद्य मासे असले, तरी रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी पाण्यात उतरणारे माणूस किंवा जनावर तिच्या ध्यानात राहते, असे काठावरची जुनी माणसे सांगतात. ते गृहीत धरून चालण्यात तोटा काहीच नाही.

उपाय स्वस्त आहे. दोन रिकाम्या, घट्ट बंद केलेल्या ड्रमांचा तराफा करून फुटव्हॉल्व्ह त्याला हातभर खाली टांगावा, पाइपाचा शेवटचा तुकडा जाड सक्शन होजचा (लवचीक नळीचा) ठेवावा आणि तराफ्याचा दोर काठावरच्या कप्पीतून घ्यावा, म्हणजे स्टार्टर बंद करून सगळे कोरड्यावर ओढता येते. जाळीभोवती छिद्रांचा प्लॅस्टिक क्रेट बांधल्यास शेवाळही कमी अडकते. मगर पळवणारे दिवे आणि आवाजाची यंत्रे कोणी गळ्यात मारू लागल्यास त्याच्या नादी लागू नये. दोर, कप्पी आणि ड्रम त्याहून कितीतरी कमी पैशांत येतात. रात्रपाळीच्या विजेवर मोटर मध्येच बंद पडली, तर उजाडेपर्यंत नदीकडे फिरकू नये, कारण अंधारात मगर अधिक हिंडते आणि बॅटरीच्या उजेडात ती दिसेलच असे नाही.

इतर कामे :
- सुरू ऊस : भरणीला (उसाच्या बुडाला माती लावताना) हेक्टरी 100 किलो नत्र (सुमारे 217 किलो युरिया), 55 किलो स्फुरद, 55 किलो पालाश. वळीव पडून गेल्यावर दिलेला युरिया अधिक लागू पडतो, हा या काठाचा अनुभव.
- खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेला ऊस) : पाचट न जाळता सरीत दाबणे.
- हळद : अक्षय तृतीयेपासून लागण, निरोगी बेणे. महागडी टॉनिके टाळावीत.
- हुमणी (मुळे खाणारी अळी) : वळवानंतर कडुनिंब व बाभळीवरचे तिचे भुंगेरे रात्री झाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे.

जनावरे नदीत धुण्याऐवजी काठावर हौदात धुवावीत, आणि मेलेले जनावर किंवा कोंबड्यांची घाण पाण्यात टाकू नये, कारण ज्या पाणवठ्यावर असे आयते खाद्य मिळते तिथे मगर ठाण मांडते आणि शेजाऱ्याचा फुटव्हॉल्व्हही त्याच पाण्यात असतो. मळी सपाट करताना घरटे सापडले, तर तेवढा भाग सोडून वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगर पहिल्या अनुसूचीत असल्याने अंडी फोडणे हा गुन्हा ठरतो. मगरीच्या हल्ल्यात जनावर दगावल्यास भरपाई मिळते, मात्र 48 तासांच्या आत वनविभागाला कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवता येत नाही. ते पाण्यात असेल, तर ओढून काढण्यासाठीही कोणी आत उतरू नये.