मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंब कसे घालायचे

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. आतलं नैसर्गिक भिंगच गढूळ होतं. ते थेंबांनी साफ होत नाही. 'पिकू द्या' म्हणत थांबायचीही गरज नसते. वाचताना, जिना उतरताना अडायला लागलं की डॉक्टरांशी बोला. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, भूल बहुतेकदा डोळ्यापुरतीच.

खरी काळजी नंतरची. आईला थेंब मीच घालायचे. आधी साबणाने हात धुवा. मान मागे, नजर छताकडे. खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की छोटीशी खोबण होते, तिच्यात एक थेंब पुरे. बाटलीचं टोक कुठेही टेकू देऊ नका. मग डोळा अलगद मिटायचा, घट्ट आवळायचा नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं वाहून जातं. आई थेंब पडायच्या आतच डोळा मिटायची. मी तिच्याशी गप्पा मारत राहायचे, मग जमायचं.

दुखणं किंवा लाली वाढली, नजर एकाएकी मंदावली, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू धूसर दिसू लागलं, तर बऱ्याचदा भिंगामागचा पातळ पापुद्रा धुरकटलेला असतो. त्यावर लेझरचा उपाय आहे.