घरी लग्नपत्रिका करताय? खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

घरी पत्रिका करताना पैसे कागदावर फारसे जात नाहीत. ते जातात पुन्हा छापण्यात, न बसणाऱ्या पाकिटांत आणि वाया गेलेल्या शीटमध्ये. तिन्हींचं मूळ एकच, कामाचा क्रम चुकणं. आधी मोबाइलवर एखादं डिझाइन आवडतं, मग कागद येतो, मग पाकिटांची शोधाशोध होते आणि मजकूर वडीलधाऱ्यांच्या हातात पडतो तो सगळ्यात शेवटी. आधी मजकूर ठरवा, मग पाकीट, मग कागद. डिझाइनला त्यानंतर हात लावा.

तिथी ॲपवरून उचलू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे हिंदी ॲपमध्ये वद्य पक्षातल्या तिथीला पुढच्या महिन्याचं नाव दिसतं. आपल्याकडची माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे महाशिवरात्र, तिथे फाल्गुन कृष्ण चतुर्दशी असते. शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. तिथी दाते पंचांगातून किंवा कालनिर्णयमधून घ्या आणि गुरुजींकडून एकदा पडताळून घ्या.

शकाचंही तसंच. गुढीपाडव्यानंतरच्या लग्नाला इसवी सनातून ७८ वजा करायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या लग्नाला ७९. म्हणजे फेब्रुवारी २०२७ मधलं लग्न शके १९४८ चं आणि मे २०२७ मधलं शके १९४९ चं. ॲपवर दिसणारा विक्रम संवताचा आकडा ‘शके’पुढे घातलेल्या पत्रिकाही निघतात. तारीख आणि वार जुळतात का हे कॅलेंडर उघडून बघा, आठवणीवर सोडू नका.

शुद्धलेखनात घसरणारे शब्द ठरलेले आहेत. मुहूर्त, आशीर्वाद, ज्येष्ठ, विनीत, उपस्थिती, स्नेहांकित हे एकेक करून तपासा. नावांचं मात्र शुद्धलेखन नसतं, ज्याचं नाव तो लिहील तसंच ते छापायचं. मजकुराची साध्या कागदावर प्रत काढा, ती दोन्ही घरच्या एकेका ज्येष्ठ व्यक्तीला मोठ्याने वाचायला द्या आणि खाली सही घ्या. मनातल्या मनात वाचताना डोळा चूक ओलांडून जातो. कै. कुठे, श्री. कुठे, आत्याचं सासरचं नाव आलं का, हे सगळं या एका वाचनात सुटतं.

पत्त्यात ‘डीपी रोड’ एवढंच लिहू नका. पुण्यात तो म्हात्रे पुलाजवळ आहे, कोथरूडला आहे आणि औंधलाही आहे. कार्यालयांची नावंही सारखी असतात. जवळची ठळक खूण आणि पिनकोड हवाच. क्यूआर कोड देणार असाल तर नकाशाच्या लिंकचा साधा, कायमस्वरूपी कोड बनवा. फुकट मिळणारे ‘डायनॅमिक’ कोड (जे दुसऱ्या वेबसाइटमार्फत लिंक उघडतात) मुदत संपली की बंद पडू शकतात, नेमके लग्नाच्या आठवड्यात. छापील आकार किमान दोन सेंटिमीटर ठेवा, भोवती पांढरी जागा सोडा आणि नकाशातली पिन कार्यालयाच्या फाटकावर आहे ना ते बघा.

पाकीट आधी, आकार नंतर

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात पाकिटांचे ठरावीक आकार तयार मिळतात. त्यातलं एक निवडा आणि कार्ड त्याहून लांबीला आणि रुंदीला पाच-सहा मिलिमीटर लहान ठेवा. आत दोन-तीन कागद जाणार असतील तर आणखी थोडं लहान. उलट केलं तर पाकिटं मापाने बनवून घ्यावी लागतात आणि ती कार्डापेक्षा महाग पडू शकतात.

दुसरा हिशोब शीटचा. डिजिटल छपाईवाले बारा बाय अठरा इंचांच्या शीटचा दर सांगतात, पत्रिकेचा नाही. त्या शीटवर पाच बाय सातची चार कार्डं बसतात. साडेपाच बाय आठचीही चारच बसतात, म्हणजे त्याच पैशात मोठी पत्रिका. पण सहा बाय आठ केलंत तर कडेला जागाच उरत नाही आणि शीटवर फक्त दोन बसतात. अर्ध्या इंचाच्या हौसेपायी छपाईचा खर्च दुप्पट होतो. म्हणून आकार ठरवण्याआधी शीटच्या मापाचा कागद अंथरून त्यावर चौकोन आखून बघा.

संख्येसाठी घरं मोजा, माणसं नाही. वर एक दशांश जास्तीच्या घ्या. उशिरा आठवणारी नावं प्रत्येक घरात निघतात, आणि नंतर वीस प्रती वेगळ्या छापायच्या म्हणजे पुन्हा वेगळं सेटिंग.

फाइल बिघडते ती इथे

मराठी अक्षरं फुटण्याची तक्रार सर्रास असते. पेठांतल्या अनेक छापखान्यांत श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फाँट वापरले जातात. तुमचा मोबाइल-संगणकावरचा नेहमीचा (युनिकोड) मजकूर त्यात चिकटवला की जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या जागा बदलतात. वर्डची फाइल देऊ नका, फाँट फाइलमध्येच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ द्या. ऑपरेटरने तिथे एक शब्द जरी नव्याने टाइप केला, तरी पूर्ण पान पुन्हा वाचा. मुक्ता, बालू, टिरो देवनागरी मराठी हे फाँट मोफत आहेत. शेवटच्या फाँटमध्ये ल आणि श ही अक्षरं मराठी वळणाची येतात, आणि पत्रिकेला ती शोभतात. कोणताही फाँट घ्या, ‘दुसऱ्या’, ‘श्री’, ‘ज्येष्ठ’ टाइप करून आधी पारखा.

गणपतीचं चित्र नेटवरून घेतलं आणि छापल्यावर धूसर, ठिपक्याठिपक्यांचं आलं, तर ते कमी पिक्सेलचं होतं. छपाईला प्रत्येक इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे दोन इंचांच्या गणपतीला ६०० पिक्सेल. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती वाटेतच आकसते. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंना कापायच्या रेघेबाहेर तीन मिलिमीटर जास्तीचा रंग ठेवा. अक्षरं कडेपासून किमान पाच मिलिमीटर आत असावीत.

सोनेरी रंगाचा मोह फार होतो. साध्या प्रिंटरकडे सोनेरी शाई नसते, त्यामुळे छापून येतो तो मातकट पिवळा. पांढरी शाईही नसते, म्हणून मरून कार्डावर पांढरी अक्षरं येणारच नाहीत. फिकट कार्डावर गडद अक्षरं छापा आणि रंगाची हौस पाकिटाच्या मरून रंगावर, सोनेरी दोऱ्यावर भागवा. दिसायला हे जास्त नेटकं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरच्या प्रिंटरवर छापताना

आधी प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत कागदाची जास्तीत जास्त जाडी बघा. ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) कार्ड पुढच्या ट्रेमधून वळून जाताना अडकतं. मागून सरळ कागद घेणारा प्रिंटर नसेल तर छपाई बाहेर करा. चकचकीत आर्ट कार्डावर इंकजेटची शाई मुरत नाही, बोट लागलं की पसरते. बिनचकाकीचा कागद घ्या. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा, नाहीतर प्रत्येक पत्रिका किंचित लहान निघते आणि मागची-पुढची बाजू जुळत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी पावसाळ्यातच कागद आणणारी बरीच घरं असतात. दमट हवेत कार्ड वाकतं आणि पाकिटांचा गोंद आपोआप चिकटतो. दोन्ही प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, छापायच्या आदल्या दिवशी कागद त्याच खोलीत उघडा आणि एक नमुना काढून बघा.

घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबा. खोलगट बाजू घडीच्या बाहेर यायला हवी. रेघ न दाबता घडी घातली तर जाड कार्ड घडीवर फुटतं, गडद रंग असेल तर पांढरी चीर उठून दिसते. चिकटवायला पाण्याचा गोंद नको, कागद सुरकुततो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

आणि कुंकू. इंकजेटची रंगीत शाई अनेकदा पाण्याने फुटते, म्हणून ओल्या कुंकवाचं बोट अक्षरांवर लागलं की नाव पुसलं जातं. वरच्या कोपऱ्यात अडीच सेंटिमीटर जागा कोरी सोडा. पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे अक्षतांसह ठेवायची असेल तर अक्षता वेगळ्या पुडीत न्या. टपालाच्या पाकिटात त्या घालूच नका. दाणे कागदावर उमटतात, कुंकवाचे डाग पडतात.

टपालाने जाणाऱ्या पत्रिकांचं वजन आधी करा. पाच बाय सातचं ३०० जीएसएम कार्ड सुमारे सात ग्रॅम भरतं आणि तेवढंच साधारण पाकीट. एका कार्डाची पत्रिका २० ग्रॅमच्या आत राहते, दुसरं कार्ड घातलं की ओलांडते आणि तिकीट वाढतं. भरलेला एक नमुना टपालघरात तोलून मगच तिकिटं घ्या. परगावच्या पत्रिका आधी टाका.

छापून झाल्यावर चूक सापडलीच तर सगळं पुन्हा छापू नका. वेळ किंवा पत्ता चुकला असेल तर त्याच फाँटमध्ये, त्याच कागदावर दुरुस्तीची पट्टी छापून नेमकी वर चिकटवा. एखाद्या आप्ताचं नाव चुकलं असेल तर त्यांच्या घरी जाणारी पत्रिका दुरुस्त करून एक शीट नव्याने काढा. डिजिटल छपाईत हे एका शीटच्या पैशात होतं. ती पत्रिका टपालाने न पाठवता स्वतः नेऊन द्या.