पुरात भिजलेल्या टेपा आणि माझी घाई

जुन्या केबल चॅनेलच्या बातम्यांच्या टेपा डिजिटल करायच्यात, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे अधूनमधून भेटतात. व्हीसीआर, कॅप्चर कार्ड, हार्ड डिस्क एवढं त्यांना ठाऊक असतंच, त्यामुळे ते सोडून देतो. एकच गोष्ट सांगतो आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. टेप हातात आली की लगेच लावून बघू नका. मी लावली, आणि सांगलीच्या २००५ च्या महापुराचं तासाभराचं चित्रण माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

झालं असं. इथल्या एका बंद पडलेल्या केबल चॅनेलच्या मालकांनी मला चारशेच्या आसपास टेपा दिल्या. सेट टॉप बॉक्स आल्यावर त्यांचं संध्याकाळचं बातमीपत्र बंद पडलं होतं आणि टेपा तळमजल्यावरच्या खोलीत तशाच राहिल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा रॅकचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. पाणी उतरल्यावर मालकांनी टेपा फडक्यानं पुसल्या, गच्चीवर उन्हात वाळवल्या आणि खोक्यात भरल्या. माझ्याकडे आल्या त्या वरून अगदी कोरड्या.

पहिल्याच खोक्यात एक व्हीएचएस होती. लेबलवर बॉलपेनानं लिहिलेलं, ‘पूर, मारुती चौक, स्टेशन चौक’. ती ज्यांनी शूट केली ते कॅमेरामन काका शेजारीच बसले होते. त्यांनाही बघायची होती, मलाही राहवेना. दोन मिनिटं चित्र आलं. बोटीतून एका आजीला उतरवून घेत होते, तिच्या कडेवर कोंबडी होती. मग पडद्यावर पांढरे ठिपके, मग मशिनमधून किंचाळल्यासारखा आवाज, आणि निळा पडदा. उघडून बघितलं तर टेप ड्रमला, म्हणजे चित्र वाचणारी हेडं ज्यावर बसवलेली असतात त्या फिरत्या गोलाला, गुंडाळली गेली होती आणि सुटी करताना दोन ठिकाणी तुटली.

इथवर झालं ते निदान अज्ञानातून झालं. त्यानंतर जे केलं त्याला क्षमा नाही. तुकडे काढले, मशीन चालतंय ना बघू म्हणून दुसरी टेप घातली. ती हरिपूरच्या पेवांची होती, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांची. भिजलेली नव्हती, धडधाकट होती. पहिलीची बुरशी आणि गाळ ड्रमवर तसाच होता. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हीएचएसमध्ये तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो, त्यावरचा एक कण म्हणजे पट्टीवर ओढलेली सुरी. त्या टेपच्या पहिल्या अठरा मिनिटांवर आता आडवा पांढरा ओरखडा आहे. त्यातच एक माणूस पेवाच्या तोंडाशी बसून दोरीनं कंदील आत सोडतो आणि विझतो का ते बघतो, कारण विझला तर आत हवा नाही. २००५ च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं निकामी झाली. चित्रण त्याच्या आधीचं आहे. पुन्हा कुठून आणणार?

म्हणून बुरशीबद्दल सविस्तर सांगतो. पुढचं वाचायला कंटाळा आला तर बाकीचं सोडा, पण हे सोडू नका.

कॅसेटच्या खिडकीतून आत टॉर्च तिरपा मारा. गुंडाळलेल्या टेपची कड काळी, गुळगुळीत आणि एकसारखी दिसायला हवी. तिच्यावर पांढरट किंवा राखाडी भुकटी, कापसासारखे धागे, किंवा पिठाचं बोट लागल्यासारखा डाग दिसला, की ती टेप वेगळी. बाजूचं बटण दाबून झाकण उचला आणि वास घ्या, पण नाक अगदी जवळ नेऊ नका. ओल्या पोत्यासारखा कोंदट वास आला तरी वेगळी. शंका आली तरी वेगळीच. पुरात गेलेल्या खोलीतली प्रत्येक टेप आजारी धरूनच चाला, मग ती वरच्या कप्प्यातली का असेना, कारण ओल हवेतूनही चढते.

बुरशी ओली असताना पुसायला जाऊ नका, ती पट्टीभर सारवली जाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून टेप दोन-तीन आठवडे ठेवा, पुड्या मधून बदला. बुरशी वाळून भुकटी होते, मग ती निघते. काम गॅलरीत किंवा मोकळ्या हवेत करा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. मी सुरुवातीला रुमाल बांधून केलं आणि महिनाभर खोकलो. व्हीएचएसला खालून पाच स्क्रू असतात. उघडण्याआधी आणि उघडल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढा, कारण पट्टी कोणत्या खुंटीवरून कशी जाते ते दहा मिनिटांनी आठवत नाही. मऊ ब्रशनं दोन्ही रिळांच्या कडा झाडा. जुनं कवच पुन्हा वापरू नका. कोऱ्या कॅसेटचं कवच घ्या आणि रिळं त्यात बसवा.

त्यानंतर पट्टी पुसायची. आमच्याकडे त्यासाठी व्हिडिओ लायब्ररीच्या काळातला एक रिवाइंडर आहे. त्याची मोटर काढून हातानं फिरवायची सोय केली आणि मध्ये धागे न सुटणाऱ्या कापडाच्या दोन घड्या बसवल्या. पट्टी त्यांच्यामधून सावकाश जाते. कापड काळं किंवा करडं झालं की बदलायचं. एका टेपला दोन तास लागतात, कधी चार.

एवढं झाल्यावरच मशीन. तेही चांगलं नव्हे. आजारी टेपांसाठी एक साधा व्हीसीआर वेगळा ठेवा आणि प्रत्येक टेपनंतर त्याचा ड्रम पुसा. शॅमॉय नावाच्या मऊ चामड्याच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती ड्रमला हलकेच टेकवा आणि दुसऱ्या हातानं ड्रम फिरवा. काडी स्थिर, ड्रम फिरता. काडी वर-खाली नेली तर हेड तुटतं, आणि नवीन हेड आता कुठं मिळणार? जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आहेत त्या मशिनींवरच भागवायचं आहे.

उद्या पुन्हा पूर आला आणि टेपा ताज्या भिजल्या, तर ऊन नको, हेअर ड्रायर नको, फ्रीजर तर नकोच. गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं, जमलं तर डिस्टिल्ड पाण्यानं धुवा आणि सावलीत हवेशीर जागी वाळू द्या. आमच्या मालकांनी जीव ओतून सगळं केलं होतं, फक्त गाळासकट उन्हात वाळवलं. त्यांना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मला हे शिकवलं ते मिरजेच्या एका जुन्या व्हीसीआर मेकॅनिक मामांनी. पहिल्या दिवशी माझं मशीन उघडून ते एवढंच म्हणाले, “काय करायलायस पोरा, औषधाआधी नाडी तरी बघ की.” मी एक ऑनलाइन कोर्सही केला होता, पैसे भरून. त्यात मेटाडेटावर, म्हणजे टेपांच्या नोंदींवर, दोन दिवस होते आणि बुरशीवर एक स्लाइड. माझं मत स्पष्ट आहे. प्रमाणपत्र नंतर घ्या, आधी मेकॅनिक शोधा. असे लोक साठी-सत्तरीत आहेत. चहा पाजा, त्यांच्या दुकानात बसा, स्क्रू उचलून द्या.

लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देणाऱ्यांकडे बातम्यांच्या टेपा देऊ नका. ते वाईट लोक नाहीत, पण ते लहान एमपी४ करतात, प्रत्येक चित्राचे एकाआड एक ओळींचे दोन भाग (फील्ड) मिसळून टाकतात आणि मूळ गेलं की परत येत नाही. व्हीसीआर आणि कॅप्चर कार्डाच्या मधे टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची डळमळ सावरणारं यंत्र, घाला, नाहीतर उभ्या रेषा लाटांसारख्या हलतात. मूळ प्रत एफएफव्ही१ या काहीही न गाळणाऱ्या पद्धतीत, एमकेव्ही फाइलमध्ये ठेवा. चित्राची गुणवत्ता कणभरही जात नाही, फक्त तासाला तीसेक जीबी जागा लागते. इंटरलेस, म्हणजे त्या दोन फील्डची रचना, तसंच राहू द्या, गुळगुळीत करायचं ते बघायच्या प्रतीत. एआयनं चेहरे साफ करून देणारी सॉफ्टवेअरं तर बातमीच्या चित्रणाला लावूच नका. ते त्या आजीचा चेहरा साफ करत नाही, दुसरा चेहरा काढतं.

मिनी डीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटींचं काम त्या मानानं सोपं, इथं धीर धरा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं कॅप्चर करू नका. कॅमेरा थेट जोडायचं फायरवायर पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप मिळवा, टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो, तासाला १३ जीबी. टेप चालत नसेल तर ती कदाचित डीव्हीकॅम या व्यावसायिक पद्धतीत शूट झालेली असेल, घरगुती कॅमेऱ्यात ती बऱ्याचदा वाजत नाही. मी अशा सहा टेपा खराब म्हणून बाजूला टाकल्या होत्या, सहाही ठणठणीत निघाल्या.

रेकॉर्डिंग संपून निळा पडदा आला म्हणून थांबू नका, टेप शेवटपर्यंत जाऊ द्या. स्थानिक चॅनेलवाले पैशाअभावी एकच टेप पुन्हा पुन्हा वापरायचे. एका गणपती विसर्जनाच्या टेपमागे अकरा मिनिटं जुनं शिल्लक निघालं, रंगभूमीवरच्या कामासाठी सांगलीत देतात त्या विष्णुदास भावे गौरव पदकाचा सोहळा. लेबलवर त्याचा उल्लेखही नव्हता. तारीख ५ नोव्हेंबर हे कळलं, कारण तो कार्यक्रम त्याच दिवशी असतो. वर्ष कळलं ते मागच्या भिंतीवरच्या फलकावरून.

नावं मात्र फलकावरून कळत नाहीत. त्यासाठी कॅमेरामन काका आठवड्यातून दोनदा येतात, मी थांबवत जातो, ते सांगतात, मी लिहितो. हे काम डिजिटल करण्याच्या आधी सुरू करा. टेप कपाटात दोन वर्षं थांबेल, माणसांचा भरवसा नाही. मालकांची लेखी परवानगीही पहिल्याच दिवशी घ्या, संबंध कितीही घरचे असोत. आणि पुरातल्या, अपघातातल्या मृतांचे चेहरे दिसतात ते भाग जपून ठेवा, पण लोकांसमोर टाकू नका. त्यांची घरं इथंच आहेत.

प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक नदीकाठच्या गावात नको. आमची तिसरी प्रत विट्याला बहिणीकडे असते.

तुम्हाला भीती वाटत असेल तर वाटू द्या, पण सोडू नका. चारशेपैकी दोनशे नव्वद टेपा उतरल्यात आणि त्यातल्या बहुतेक बघण्यासारख्या आहेत. पुराच्या टेपचे तीन तुकडे पाकिटात, सिलिका जेलच्या डब्यात ठेवलेत. मामा म्हणतात, जोडपट्टी मागच्या बाजूनं लावली तर मधलं थोडं जाईल, उरलेलं एकदाच चालेल. पावसाळा संपल्यावर हवा कोरडी झाली की ते करायचं ठरलंय. काकांना त्या दिवशी बोलवायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.