जुन्या पद्मिनीला इलेक्ट्रिक पंख्याचा थर्मो स्विच: बसवायचा कुठे आणि सेट करायचा कसा

प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटर थंड ठेवणारा मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर असतो आणि बेल्टवर फिरतो. इंजिन पळालं की पंखा पळतो, इंजिन मंद झालं की तोही मंद. म्हणजे सिग्नलला गाडी उभी असते, समोरून वारा नसतो आणि पंख्याची खरी गरज असते, तेव्हाच तो सुस्त फिरत असतो. महामार्गावर वारा भरपूर असतो, तिथे तो १०८९ सीसीच्या इंजिनाची ताकद फुकट खातो. म्हणून आता हौसेने पद्मिनी सांभाळणारे अनेक जण इलेक्ट्रिक पंखा लावून घेतात.

पंखा लावणं सोपं आहे. तो किती तापमानाला सुरू व्हावा आणि कितीला बंद व्हावा हे ठरवणारा थर्मो स्विच मात्र बहुतेक वेळा अंदाजाने बसवला जातो, आणि मग ‘इलेक्ट्रिक पंखा लावूनही गाडी तापते’ अशी तक्रार येते. कमी-जास्त करता येणाऱ्या स्विचच्या नॉबवर फारसे आकडे नसतात, आणि असले तरी ते पाच-सात अंशांनी सहज चुकलेले असतात. तापमान मोजूनच सेटिंग करायचं. बाकी सगळी कामं या एका गोष्टीसाठी आहेत.

आधी गाडी बघा

रेडिएटर आतून गाळाने भरलेला असेल, बाहेरून जाळीत माती अडकली असेल, तर कोणताही स्विच ती गाडी वाचवणार नाही. रेडिएटर साफ करून घ्या. टोपीचं रबर कडक झालं असेल तर टोपी बदला. टोपी हा वरवरचा भाग नाही. ७ पीएसआयची (पौंड प्रति चौरस इंच) टोपी दाब धरत असेल तर साधं पाणी समुद्रसपाटीला सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी दाब धरत नसेल तर मुंबईत १०० अंशांना, पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला साधारण ९५-९६ अंशांनाच पाणी उकळतं. पंखा ९५ ला सुरू होईल असा लावलाय आणि टोपी गळकी आहे, तर घाटमाथ्यावर पंखा आणि उकळी एकदमच सुरू होतील.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची. ‘गाडी तापते’ म्हणून बऱ्याच पद्मिनींमधून तो काढून टाकलेला असतो. तो परत बसवा. व्हॉल्व्ह इंजिनाचं किमान तापमान राखतो, आणि पंख्याचं सेटिंग त्या तापमानाच्या वर मोजायचं असतं. तो नसेल तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंड पडतं आणि पेट्रोल जास्त जातं. व्हॉल्व्ह उघडण्याचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं. ते वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट चार्जिंगची. जुन्या गाडीत अजून डायनॅमो असेल तर थांबा. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना, डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, आणि पंखा चालणार तो नेमका आयडलिंगलाच. पावसाळ्यातली रात्र धरा: हेडलाइटचे आठ-नऊ अँपिअर, वायपरचे तीन-चार, वर पंख्याचे आठ-दहा. ट्रॅफिकमध्ये हे सगळं एकट्या बॅटरीवर पडतं. आधी अल्टरनेटर बसवा, मग पंखा.

सामान

पंखा दहा ते बारा इंची. रेडिएटरची जाळी मोजून जितका मोठा मावेल तितका घ्या. इंजिनाच्या बाजूला बसून हवा खेचणारा पंखा उत्तम. मोटर आणि पुली यांच्यात किमान २० मिमी मोकळी जागा हवी, कारण इंजिन माउंटवर हलतं. तेवढी जागा नसेल तर पुढून हवा ढकलणारा पंखा घ्यावा लागतो. ढकलणारा आणि खेचणारा यांच्या पात्यांचा बाक वेगळा असतो. नुसत्या वायरी उलट्या करून एकाचा दुसरा होत नाही. पातं फिरेल, हवा मात्र बरीच कमी येईल.

थर्मो स्विच कॅपिलरीचा घ्या: एका टोकाला तांब्याचा बल्ब, मधे केसासारखी बारीक नळी, दुसऱ्या टोकाला नॉब असलेली डबी. रेंज साधारण ७० ते ११० अंश पुरते. दुकानात काही वेळा गीझरचा थर्मोस्टॅट पुढे केला जातो. तो तापमान वाढल्यावर संपर्क *तोडतो*. आपल्याला वाढल्यावर संपर्क *जोडणारा* हवा. तीन टर्मिनलचा मिळाला तर दोन्ही सोयी असतात.

त्याशिवाय १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा चार किंवा पाच पायांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याचा सॉकेट, २० अँपिअरचा एक आणि ५ अँपिअरचा एक असे दोन ब्लेड फ्यूज होल्डरसकट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर सुमारे पाच मीटर, १ चौरस मिमीची तेवढीच, १एन४००७ डायोड, डॅशबोर्डसाठी एक टॉगल स्विच आणि एक छोटा १२ व्होल्टचा दिवा. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं), हीटश्रिंक स्लीव्ह आणि रबरी ग्रोमेट विसरू नका. गाडीचे सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउस परिसरात मिळतील. रिले आणि डायोडसाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड.

स्विचच्या डबीवर ‘१६ अँपिअर’ छापलेलं बघून रिले वाचवायचा मोह होतो. तो आकडा २५० व्होल्ट एसीचा असतो. डीसीमध्ये संपर्क तुटताना ठिणगी लांबते, आणि मोटर सुरू होताना चालू करंटच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढते. पॉइंट काही महिन्यांत जळतात किंवा चिकटून बसतात. रिलेच्या कॉइलला ०.२ अँपिअरही पुरतो, तेवढंच ओझं स्विचवर टाका.

गॅसवरची चाचणी

गाडीत बसवण्याआधी स्विच स्वयंपाकघरात तपासायचा. पातेल्यात पाणी घ्या. बल्ब आणि थर्मामीटर पाण्यात एकमेकांजवळ लोंबकळते ठेवा, दोघांनीही तळाला टेकता कामा नये. मल्टीमीटर बीपवर (संपर्क जुळला की वाजतो त्या सेटिंगवर) लावून स्विचच्या टर्मिनलना जोडा. मंद आचेवर पाणी ढवळत तापवा. बीप वाजला की तो आकडा लिहा. गॅस बंद करून पाणी निवू द्या, बीप थांबला की तोही लिहा. नॉबच्या तीन जागी ही जोडी काढा आणि त्या जागा डबीवर पर्मनंट मार्करने खुणा करून ठेवा.

दोन आकड्यांतला फरक पाच ते आठ अंश असावा. तीनपेक्षा कमी असेल तर पंखा सारखा चालू-बंद होत राहील, तो स्विच परत करा. बारापेक्षा जास्त असेल तर पंखा लवकर बंद व्हायचाच नाही. थर्मामीटर खरा आहे का, हेही याच पातेल्यात कळतं: खळखळून उकळणाऱ्या पाण्यात तो तुमच्या गावच्या उंचीप्रमाणे १०० किंवा ९८ दाखवतो का बघा.

बल्बची जागा

तीन जागा शक्य आहेत आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा.

वरच्या होस पाइपमध्ये, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे गरम पाणी येतं तिथे, बल्ब सर्वांत खरं तापमान वाचतो. नळी होस आणि रेडिएटरच्या तोंडामधून काढायची असेल तर स्विचच्या किटमधली खाच असलेली रबरी पट्टी वापरा, नळी होसच्या खालच्या बाजूने काढा आणि क्लिप आवळताना ती चेपणार नाही हे बघा. इथे थेंब-थेंब गळती होणं ही नेहमीची डोकेदुखी. त्यापेक्षा होस मधोमध कापून पितळी किंवा अॅल्युमिनियमचा बल्बच्या मापाचा अॅडॉप्टर घालणं जास्त टिकाऊ. होसचा आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच तो आणा. पाणी कमी झालं तर वरच्या होसमध्ये हवा साठते आणि बल्ब हवेत राहून उशिरा जागा होतो, हा या जागेचा धोका. अॅडॉप्टर होसच्या सखल भागात घालायचा तो यासाठीच.

रेडिएटरच्या जाळीत, पाणी आत येतं त्या कोपऱ्याजवळ, बल्ब खोचणं सर्वांत सोपं. गळतीचा प्रश्न नाही. पण वाऱ्याने बल्ब थंड होतो, त्यामुळे आकडा पाण्यापेक्षा बराच कमी असतो. पद्मिनीचा रेडिएटर तांबं-पितळेचा आहे, नळ्या मऊ असतात. बल्ब फक्त फिनांमध्ये (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांमध्ये) जायला हवा, नळीला घासता कामा नये. पंखाही जाळीतून आरपार प्लास्टिक पट्ट्या ओवून बांधू नका. हादऱ्याने त्या नळ्या कापतात. पत्र्याच्या पट्ट्यांचे ब्रॅकेट करून चौकटीला बोल्ट करा.

तिसरी जागा खालच्या होसची. तिथे थंड झालेलं पाणी असतं, सेटिंग बरंच खाली लागतं. पद्मिनीसाठी ही जागा सुचवत नाही.

कॅपिलरी नळी कधीही कापायची किंवा काटकोनात वाकवायची नाही. उरलेली नळी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून बांधा. नळीतला द्रव निघून गेला तर स्विचला इंजिन कायम थंडच वाटतं आणि पंखा कधीच लागत नाही.

वायरिंग

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. गाडी निगेटिव्ह अर्थ आहे ना, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला आहे ना, याची खात्री करा. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असत, त्यांना खालची जोडणी जशीच्या तशी चालणार नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ची वायर, वीतभर अंतरातच २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेचा ३० (हे आकडे रिलेच्या पायांजवळ छापलेले असतात). रिलेच्या ८७ पासून पंख्याची पॉझिटिव्ह. पंख्याची निगेटिव्ह रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर. किल्ली फिरवल्यावरच करंट येणाऱ्या टर्मिनलपासून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेचा ८६. रिलेचा ८५ थर्मो स्विचला, स्विचचं दुसरं टोक अर्थला. डायोड ८५ आणि ८६ च्या मधे, पट्टीची बाजू ८६ कडे. स्विच अर्थच्या बाजूला ठेवल्याने ती वायर कुठे सोलून बॉडीला लागली तरी फ्यूज उडत नाही, फक्त पंखा चालू राहतो.

डॅशबोर्डवरचा टॉगल थर्मो स्विचला समांतर जोडा: एक टोक ८५ ला, दुसरं अर्थला. स्विच मेला तरी घाटात हाताने पंखा लावता येतो. हा टॉगल ऐच्छिक समजू नका. दिवा ८७ आणि अर्थच्या मधे. दिवा लागला म्हणजे पंख्याला करंट गेला एवढंच कळतं, पंखा फिरतोय हे नाही.

पंख्याचा मुख्य करंट इग्निशन कॉइलच्या टर्मिनलवरून घेऊ नका. वाऱ्याने फिरणारी मोटर उलटा करंट देते आणि किल्ली काढल्यावरही इंजिन काही क्षण चालू राहू शकतं.

रिले टर्मिनल खाली करून, चाकाचं पाणी उडत नाही अशा जागी लावा. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला ग्रोमेट. थिंबल क्रिम्प करून वर हीटश्रिंक. नुसती पिळून टेप लावलेली जोडणी पहिल्याच पावसाळ्यात हिरवी पडते.

जुनं पातं काढताना पुली त्याच बोल्टांनी धरलेली आहे का बघा. असेल तर मूळ बोल्टांपेक्षा पात्याच्या जाडीइतक्या फरकाने आखूड बोल्ट घाला, नाहीतर पुली ढिली राहील किंवा बोल्ट आत घासेल.

सेटिंग

टॉगलने पंखा लावा आणि रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. कागद जाळीला चिकटला तर दिशा बरोबर. पंखा चालू असताना बॅटरीवर आणि पंख्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर एखादी जोडणी किंवा अर्थ कच्चा आहे.

वरच्या होससाठी नियम असा: व्हॉल्व्हच्या आकड्यापेक्षा दहा-बारा अंश वर पंखा सुरू, आणि व्हॉल्व्हच्या आकड्यापेक्षा तीन-चार अंश वर बंद. व्हॉल्व्ह ८२ चा असेल तर ९३ ला सुरू, ८६ ला बंद. पंखा बंद होण्याचा आकडा व्हॉल्व्हच्या खाली गेला तर पाणी तिथवर कधी उतरणारच नाही आणि पंखा दिवसभर फिरत राहील.

नॉब पातेल्यातल्या खुणेवर ठेवा, गाडी सपाट जागी उभी करून सुरू करा. इन्फ्रारेड थर्मामीटरने अॅडॉप्टर मोजत असाल तर त्यावर काळी टेप चिकटवून टेपवर मोजा. चकचकीत धातूवर तो खूपच कमी आकडा दाखवतो. पंखा कितीला लागतो, कितीला थांबतो हे तीन फेऱ्यांत बघा आणि नॉब अगदी थोडा-थोडा सरकवा. जाळीत बल्ब असेल तर नॉब आधी सर्वांत वर नेऊन ठेवा, वरच्या होसवर ९३ दिसेपर्यंत थांबा, मग पंखा लागेपर्यंत नॉब हळूहळू खाली आणा. ९७ च्या वर गेलं तर टॉगल लावा आणि पुन्हा पहिल्यापासून करा. या सगळ्यात गरम रेडिएटरची टोपी उघडायची नाही, आणि हात आत घालताना किल्ली काढून खिशात.

शेवटी गाडी रस्त्यावर न्या. साठच्या वेगाला सपाट रस्त्यावर पंखा बंदच राहायला हवा. तिथेही दिवा लागत असेल तर नॉब वर करण्याआधी रेडिएटर तुंबलाय का ते बघा. रिलेचा टक आवाज येतो पण पंखा हलत नाही: २० चा फ्यूज, मग अर्थ, मग मोटरचे ब्रश. फ्यूज फक्त सुरू होतानाच उडतो: हाताने पातं फिरवून बघा, बेअरिंग जड झालेलं असतं, मोठा फ्यूज घालून मार्ग काढू नका. हादऱ्याने नॉब सरकतो, म्हणून सेटिंग पक्कं झालं की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. पहिल्या हजार किलोमीटरनंतर क्लिपा, थिंबल आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.